ज्याची त्याची पट्टी

लग्नकार्यात कोणी विचारलं, आपण काय करता, तर मी बरीच वर्षं सांगत असे, "पट्टी लावतो." त्यामुळे काहींनी मला कंपाउंडर समजलं, काहींनी सुतार. दिग्रसच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांचा पाय मुरगळला, तर चार जणांनी त्यांना उचलून थेट माझ्यापुढे आणून बसवलं. मी सांगितलं की बाप्पा, मी गळ्याची पट्टी पाहतो. मामा कळवळत म्हणाले, "मंग गळ्यापासून सुरू करा, पण लवकर करा."

तेव्हा आधी पट्टी म्हणजे काय ते सांगतो. हार्मोनियमवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यांना आम्ही आकड्यानं ओळखतो: काळी एक, पांढरी चार, काळी पाच. गाणाऱ्या माणसाचा 'सा' ज्या पट्टीवर सुखानं बसतो, ती त्याची पट्टी. पुरुषांची साधारण काळी एक, काळी दोनच्या आसपास. बायकांची साधारण काळी चार, काळी पाच. हा जो 'साधारण' शब्द आहे, त्याच्या बाहेरच्या माणसांत माझं सगळं आयुष्य गेलं.

सिनेमातलं गाणं मुळात ज्या गायकासाठी बांधलेलं असतं त्याच्या पट्टीत असतं. आपण घरी तेच गाणं म्हणायला जातो आणि वरच्या सुराला गळा अडकतो. मग आपण म्हणतो, आपल्याला गाता येत नाही. शंभरातल्या निम्म्या लोकांना गाता येतं, त्यांची फक्त पट्टी चुकलेली असते. द्वंद्वगीतात तर ही भानगड दुप्पट. बाईला सोयीची पट्टी घेतली तर बुवाचा आवाज चढतो, बुवाची घेतली तर बाईचा आवाज विहिरीत जातो. लग्नाच्या वाढदिवसाला एकत्र गाणं म्हणायचं म्हणून एक शिक्षक जोडपं माझ्याकडे आलं होतं. तासभर पट्टीवरून बोलणी झाली, कोणी मागे हटेना. शेवटी दोघांनी दोन वेगळी गाणी म्हटली आणि दोघंही खूश होऊन घरी गेली.

माझे वडील पुसदला गायन पार्टीत पेटी वाजवत. भीमजयंतीला दोन पार्ट्यांचा सामना असे. समोरची पार्टी मुद्दाम गाणं चढ्या पट्टीत सोडून जाई. आपल्या गायकानं जोशात तिथूनच उचललं की त्याचा गळा बसलाच म्हणून समजा. वडील अशा वेळी शांतपणे भाता थांबवत, सुपारी तोंडात टाकत आणि आपल्या गायकाच्या पट्टीत नव्यानं सूर धरत. लोक हुर्यो करत. मला लहानपणी ती माघार वाटे. तो शहाणपणा होता हे कळायला माझ्या बायकोचा, रंजनाचा गळा जावा लागला.

ती गोष्टही सांगून टाकतो. रंजनाचं म्हणणं आहे की ती सांगायचा हक्क माझा नाही, पण छापायला तिनं परवानगी दिली आहे.

मी एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला. यवतमाळ, वाशीम, नांदेड, आदिलाबादपर्यंत आमचे कार्यक्रम होत. रंजना आमची गायिका होती. गणपती ते दुर्गादेवी हा आमचा हंगाम, त्यात एक दिवस खाडा नसे. मालकांचा एकच नियम होता: पब्लिकले ओरिजिनलच पाह्यजे. म्हणजे सिनेमातल्या गाण्याची जी पट्टी तीच आपली. उमरखेडच्या कार्यक्रमात रंजनाला सर्दी झाली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, दोन पट्ट्या खाली घ्या ना. कीबोर्डवर त्यासाठी बटण असतं, दोनदा दाबायचं. मी विंगेत उभ्या असलेल्या मालकांकडे पाहिलं आणि बटण दाबलं नाही.

ती गायली. अंतऱ्यातल्या वरच्या ओळीला तिचा आवाज फाटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तिनं गाणं पूर्ण केलं, नमस्कार केला, आत गेली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. औषधं झाली, महिनोन्‌महिने मौन झालं, गाठी बसल्या. पण वरचे सूर परत आले नाहीत. ती माझ्यावर रागावली नाही. दोन वर्षांनी लग्नाला हो म्हणाली, याचं मला अजूनही नवल वाटतं. घरात ती खालच्या सुरात छान गुणगुणते. स्टेजवर मात्र परत गेली नाही.

ऑर्केस्ट्रे बंद पडत गेले तेव्हा मी घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय केली. भिंतींना गाद्या ठोकल्या, खिडकीला दोन रजया लावल्या. शेजारी पिठाची गिरणी आहे, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी गिरणीवाल्या भाऊंना दळण थांबवायची विनंती करावी लागते. कूलरही बंद करावा लागतो. आमच्याकडचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला हे सांगणं नको. दर रविवारी दुपारी तिथं कराओकेची मंडळी जमते. कराओके म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत वाजतं, गायकाची जागा मोकळी असते, तिथं आपण गायचं. निवृत्त तलाठी, बँकेतले साहेब, दोन डॉक्टर, साड्यांचे दुकानदार. आयुष्यभर ज्यांनी फक्त न्हाणीघरात गायलं, अशी सगळी.

त्यांतले देवरावजी हे माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. राजूरच्या कोळसा खाणीत नोकरी झाली, आता पुसदला मुलीकडे राहतात. आवाज भरदार, खर्जाचा. पण त्यांना आवडे ते एक विरहाचं गाणं, फार चढं. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल, हा त्यांचाही हट्ट. अंतरा आला की त्यांच्या मानेच्या शिरा फुगत, चेहरा लाल होई आणि डॉक्टर मंडळी खुर्चीच्या कडेवर येऊन बसत.

एका रविवारी मी त्यांना न सांगता ट्रॅक तीन पट्ट्या खाली घेतला. देवरावजी गायला लागले आणि खोली बदलली. खाणीतून वर आल्यासारखा तो आवाज मोकळा झाला. रंजना स्वयंपाकघरातून भिजवलेल्या कणकेच्या हातानं दाराशी येऊन उभी राहिली. गाणं संपलं तरी देवरावजींनी माईक तोंडापुढून खाली घेतला नव्हता. मग त्यांचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेलं. तिथं उणे तीन लिहिलेलं होतं.

"म्हंजे मी कॉपी करून पास झालो?" ते म्हणाले.

मी त्यांना विचारलं, खाणीत उतरताना बूट स्वतःच्या मापाचे घालत होते की साहेबाच्या? त्यांनी टोपी उचलली आणि गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. म्हणाले, "माह्या मापाचं लावा." त्या दिवसापासून ते पट्टीचे माझ्यापेक्षा मोठे प्रचारक झाले. रस्त्यात कोणी गुणगुणताना दिसला तरी त्याला थांबवून विचारत, पट्टी पाह्यली का तुही?

संगीता नावाच्या एका बाईला त्यांनीच आणलं. ती त्यांच्या मुलीच्या शेजारी राहते. पुसद-यवतमाळ बसवर कंडक्टर आहे. तिशी ओलांडलेली, अंगापिंडानं मजबूत. खोलीत आली आणि दाराजवळची खुर्ची धरून बसली. म्हणाली, "मी ऐकाले आली. गायले नाही."

तिचं ते एक वाक्य ऐकून मी तिच्याकडे नीट पाहिलं. बाईचा इतका खालचा, इतका गोल आवाज माझ्या खोलीत आधी आला नव्हता. देवरावजींनी तिची हकिगत सांगितली, ती मधूनमधून दुरुस्त करत होती. लहानपणी तिला गाण्याची फार हौस. शाळेत प्रार्थनेला पुढे उभी राही. एका बाईंनी तिला मागच्या रांगेत नेलं आणि सांगितलं की तुझा आवाज पुरुषासारखा येतो, तू नुसते ओठ हलव. ती चौथी ते दहावी नुसते ओठ हलवत राहिली. पुढे कंडक्टर झाली तेव्हा त्याच आवाजाचा उपयोग झाला. मागच्या दारातल्या माणसालाही ऐकू जातं.

कोणाची पट्टी शोधायची तर मी त्याला कधी गायला सांगत नाही. गा म्हटलं की माणूस दुसऱ्याच्या आवाजात गातो. मी बोलायला लावतो. बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज जिथं येऊन टेकतो, ती जागा पेटीवर पाहायची. तिथून थोडं वर त्या माणसाचं गाणं राहतं. मी संगीताला विचारलं, आज डब्यात काय होतं?

"अंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर. भाजीत डाळ जरा जास्त झाली, म्हून डायवर म्हणे का हे वरण हाय का भाजी."

एवढं मला पुरे होतं. तिची पट्टी पांढरी चार निघाली. बायकांच्या नेहमीच्या काळी पाचच्या पाच पट्ट्या खाली. एखादा ट्रॅक इतका खाली ओढला की त्यातली बासरी सर्दी झालेल्या माणसानं वाजवल्यासारखी येते, म्हणून मी स्वतः कीबोर्डवर सूर दिला. गाणं जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं, एका अंगाईसारख्या चालीचं. ती म्हणाली, हे ते गाणं नाहीच. मी म्हटलं तेच आहे, फक्त तुझ्या घरी आलं आहे.

ती बसूनच गायली, तिकिटांची बॅग मांडीवर तशीच. पहिली ओळ घाबरत म्हटली. दुसऱ्या ओळीला मान वर केली. देवरावजींनी मोबाईल खाली ठेवला. मी वाजवत होतो म्हणून बरं, नाहीतर माझे हात कुठं ठेवावे हे मला कळलं नसतं. गाणं संपल्यावर ती इकडे-तिकडे पाहत राहिली. मग मला विचारलं, "हे गाणं येवढं सोपं होतं का, सर?"

रंजना तिच्याजवळ जाऊन बसली आणि तीच ओळ तिच्याबरोबर म्हणू लागली. दोघी खालच्या सुराच्या. त्या रविवारी बाकीच्यांची गाणी झालीच नाहीत आणि कोणी तक्रारही केली नाही.

याच सुमारास निखिल माझ्याकडे आला. हा आमच्या पुसदचाच. बाहेर जाऊन सिनेमाचं शिकला आणि परत येऊन वऱ्हाडी बोलीत एक सिनेमा करत होता. पैसा थोडा, माणसं इथलीच. नायिका पल्लवी, केळापूरची मुलगी, कॉलेजच्या नाटकांत काम केलेली. सिनेमात एकच गाणं होतं. घरात भांडण झालं आहे, पल्लवी गच्चीवर तूर वाळत घालायला येते आणि स्वतःशीच गाते. शब्द निखिलनं लिहिले होते: 'तूर वाळली उन्हात, मन का ओलं राह्यलं.' चाल मी करावी असं तो म्हणाला.

वाचकहो, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. हजारो वेळा. स्वतःची चाल कोणी मागितली नव्हती. मी आठ दिवस पेटी सोडली नाही. रंजनानं जेवणाचं ताट पेटीवर आणून ठेवायची धमकी दिली. चाल झाली ती माझ्या मते झकास झाली. विशेषतः 'ओलं' या शब्दावर मी एक चढती जागा ठेवली होती, ती थेट वरच्या सप्तकात जाऊन चमकत असे. सवयीनं मी ती काळी पाचमध्ये बांधली. बाईचं गाणं म्हणजे काळी पाच, हात आपोआप तिकडेच गेला. गायलाही नागपूरची माधवी बोलावली. गोड गळ्याची, शिकलेली मुलगी. तिनं दोन तासांत गाणं सुंदर गायलं.

मग निखिलनं ते चित्रावर लावलं आणि लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. मी, रंजना आणि तो असे तिघं पाहायला बसलो. गच्चीवर पल्लवी सूप घेऊन येते, बसते, ओठ हलतात आणि गाणं सुरू होतं. गाणं गोड. पल्लवीही छान. पण दोन्ही एकमेकांना ओळखतच नव्हती. जणू पाण्याच्या टाकीच्या मागे कोणी दुसरी मुलगी लपून गात होती.

निखिल म्हणाला, "सर, गाणं भारी हाय. पण हे गाऊन कोण राह्यलं?"

मी आवाज कमी-जास्त करून पाहिला, घुमारा दिला, काढला. काही उपयोग झाला नाही. चित्राची जुळणी संपली होती, आठवड्यात सगळा सिनेमा द्यायचा होता. निखिल म्हणाला की गाणंच काढून टाकू, ती नुसती बसलेली दाखवू. आयुष्यातली एकमेव चाल आणि तिच्यावर कात्री.

तेवढ्यात रंजना म्हणाली, हिचं आधीचं भांडण ऐकवा जरा. निखिलनं गाण्याच्या आधीचा प्रसंग लावला. पल्लवी सिनेमातल्या भावाशी भांडत होती. रंजनानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हे तं संगीता हाय."

मी पेटीवर पाहिलं. पल्लवीची वाक्यं जिथं टेकत होती तिथंच संगीताची टेकत. सारी हयात या धंद्यात काढलेला मी, दुसऱ्यांना बोलायला लावून पट्टी शोधणारा, आणि माझ्याच गाण्याच्या वेळी नायिकेला एक वाक्य बोलायला लावलं नव्हतं.

संगीतानं सुट्टी टाकली. गिरणीवाल्या भाऊंनी दळण थांबवलं, गिऱ्हाइकांचे डबे ओट्यावर रांगेत लागले. कूलर बंद झाला. सकाळचे दहा वाजले होते आणि खोलीची भट्टी झाली होती. मी गाणं पांढरी चारमध्ये आणलं. मुखडा तिनं असा म्हटला की मी कानावरचे हेडफोन काढून तिच्याकडे पाहिलं, खरंच तीच गाते आहे ना म्हणून. मग ती चढती जागा आली. पाच पट्ट्या खाली आणूनही ती जागा तिच्या गळ्याच्या बाहेर होती. आवाज पातळ झाला, कापला.

मी म्हटलं, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. आणखी एकदा. मी तिला श्वास कुठं घ्यायचा ते सांगितलं, खडीसाखर दिली, पाणी दिलं. पाचव्या वेळी तिचा आवाज खरखरायला लागला. ती घाम पुसत म्हणाली, "अजून एक डाव पाहू का, सर? दिवसभर ओरडाची सवय हाय मले." मी मान डोलावली. ती चमकती जागा मला सोडवत नव्हती. साऱ्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

तेवढ्यात कूलर सुरू झाला. रंजना आत आली होती आणि तिनंच बटण दाबलं होतं. कूलर सुरू म्हणजे रेकॉर्डिंग बंद. ती संगीताला म्हणाली की तू जरा हवेत बस. मग माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात बोलली.

"चाल तुमची हाय. गळा तिचा हाय. कोनतं बदलाले सोपं हाय, सांगा."

तिनं उमरखेडचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं, मी वाद तरी घातला असता. मी उठून बाहेर गेलो आणि गिरणीच्या ओट्यावर डब्यांच्या रांगेत बसलो. भाऊंनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, व्हायचं आहे. तिथं बसून मी ती ओळ मनात उलटी करून पाहिली. ती मुलगी एकटी आहे. गच्चीवर आहे. खाली घरात सगळे आहेत, त्यांना ऐकू जाऊ नये असं तिला वाटतं. ती वर कशाला चढेल? 'ओलं' हा शब्द वर जाऊन चमकवायचा नव्हताच, तो आत खाली जायला हवा होता. मी ओळ उतरती केली. मांडीवर बोटांनी वाजवून पाहिली. मग आणखी एक सूर खाली नेली.

आत येऊन संगीताला म्हणून दाखवली. तिनं दोनदा ऐकली. कूलर बंद झाला. ती गायली, आणि 'राह्यलं' वर तिचा आवाज इतका खाली, इतका निवांत जाऊन थांबला की रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायचं मला भान राहिलं नाही. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी भाऊंचा खोकला आहे, तो नंतर कापावा लागला.

नागपूरला माधवीला फोन करणं हे माझ्याच वाट्याचं काम होतं. तिचं गाणं वगळल्याचं मी तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, माझं काही चुकलं का? मी सांगितलं, तुझं नाही, माझं. मी आधी चाल केली आणि मग गळा शोधला, ते उलटं करायचं होतं. तिला मी नवं गाणं पाठवलं. तासाभरानं तिचा उलट निरोप आला की हे मला जमलं नसतं. मोठ्या मनाची मुलगी. तरी तिला वाईट वाटलंच असणार, आणि ते टाळता आलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

सिनेमाचा पहिला खेळ यवतमाळला झाला, दुपारचा. पुसदहून आम्ही सगळी रविवारची मंडळी गेलो. संगीता ड्यूटी संपवून डेपोतून तशीच आली, खाकी गणवेशात. पल्लवीची आई केळापूरहून आली होती, बरोबर आत्या, मावश्या मिळून दहा-बारा बायका. त्या आमच्या पुढच्याच रांगेत बसल्या. गच्चीवरचं गाणं सुरू झालं तसं आईनं दोन्ही बाजूंच्या बायकांना कोपरानं ढोसलं आणि सांगितलं की माही पोरगी गाऊन राह्यली. मी संगीताकडे पाहिलं. तिनं पदराची सवय म्हणून रुमाल तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. हसते की रडते ते अंधारात कळलं नाही.

सिनेमा संपला, नावं सरकायला लागली आणि लोक उठले. देवरावजी खुर्चीपुढे उभे राहिले आणि खाणीतल्या मुकादमासारखे सगळ्यांना बसवू लागले. म्हणाले की नाव जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. अनोळखी माणसंही निमूट बसली. पार्श्वगायन, आणि पुढे संगीताचं पूर्ण नाव, आडनावासकट. तीनेक सेकंद राहिलं असेल. तिनं मोबाईलमध्ये फोटो घेतला, तो हलला.

बाहेर चहा-समोसे होते. तिथं पल्लवीची आई पल्लवीला धारेवर धरून उभी होती. इतकं छान गाता येतं आणि घरी कधी सांगितलं नाही, सणावारी चार बायकांत म्हण म्हटलं की तोंड फिरवते, असं तिचं चाललं होतं. पल्लवी सांगत होती की आई, ते मी नाही गायले, सिनेमात दुसरं कोणी गातं. आई ऐकायला तयार नव्हती. नऊ महिने पोटात वागवलेल्या लेकीचा आवाज मला ओळखू येणार नाही का, असं ती म्हणाली. पल्लवीनं वैतागून समोशाचा मोठा घास घेतला.

संगीता आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "ते मी म्हटलं."

आईचं लक्ष मावश्यांकडे होतं, तिला तो लेकीचाच आवाज वाटला. ती पल्लवीवरच तडकली, "तू मधात बोलू नको."

पल्लवीचं तोंड समोशानं भरलेलं होतं. तिनं फक्त बोट दाखवलं. तेव्हा आई वळली. खाकी कपड्यांतली, लेकीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, अजिबात तिच्यासारखी न दिसणारी बाई समोर उभी. आईनं तिला पुन्हा बोलायला सांगितलं. संगीता म्हणाली, काय बोलू काकू, मी पुसदच्या बसवर असते. आई डोळे मिटून ऐकत राहिली, अगदी रंजनानं ऐकलं होतं तशी. मग पुढे होऊन तिनं संगीताची हनुवटी धरली.

माझ्या धंद्यात पारितोषिकं नसतात. गळा चेहऱ्यावर नीट बसला की कोणाला आमची आठवणही होत नाही, आणि तसंच व्हायला हवं. पण जन्मदात्या आईची फसगत व्हावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. रंजनानं मला चिमटा काढला. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि समोसा हातात गार होत होता.

आई संगीताला म्हणाली, "कधी आमच्या घरी फोन केला तं पह्यले नाव सांगत जाय, बाई. नाईतं पल्लवी समजून मी तुलेच रागवीन."

संगीतानं तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि काकूंचा नंबर लिहून घेतला.